बसमार्ग सुधारायचा कसा: मोजणीपासून पहिल्या सोमवारपर्यंत

बसबद्दल अर्ज येतात त्यांत बहुतेक दोनच मागण्या असतात. आमच्या गल्लीवरून बस न्या, नाहीतर आमच्या कोपऱ्यावर थांबा द्या. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक मागणी रास्तच असते. पण एकेक मान्य करत गेलं की दहा वर्षांनी त्या मार्गाला इतकी वळणं आणि इतके थांबे झालेले असतात की वीस मिनिटांचं अंतर कापायला बसला पाऊण तास लागतो. मग ज्याला जमतं तो दुचाकी घेतो, आणि ज्याला जमत नाही तो त्याच बसमध्ये बसून राहतो.

मी बसचे मार्ग आणि वेळापत्रकं बसवायचं काम करते. त्याआधी आगारात वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे सकाळी गाड्या सोडायच्या आणि उशिरा आलेल्या गाडीचं काय करायचं ते तिथल्या तिथे ठरवायचं. इथे लिहिते आहे ते वाहतूक विभागात नव्याने आलेल्यांसाठी, आणि आपल्या भागातला मार्ग सुधारून घ्यायला धडपडणाऱ्या प्रवासी मंडळांसाठी. एक गोष्ट धरून चालले आहे: बस तेवढ्याच आहेत, माणसं तेवढीच आहेत, जादा पैसा मिळणार नाही. बहुतेक वेळा हीच परिस्थिती असते, आणि त्यातही बरंच काही करता येतं.

सुरुवात फेरीच्या हिशेबापासून करा

कागदावर मार्गाची रेघ ओढण्याआधी एक भागाकार करायचा. बस एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येते, त्यात दोन्ही टोकांची विश्रांती धरायची. ही झाली फेरीवेळ. तिला त्या मार्गावरच्या बसच्या संख्येने भागलं की दर किती मिनिटांनी बस मिळेल ते कळतं. फेरीवेळ ८० मिनिटं आणि बस ४, तर दर २० मिनिटांनी एक.

आता कुणीतरी एका वसाहतीत वळसा मागितला. जाताना ४ मिनिटं, येताना ४. फेरीवेळ झाली ८८, आणि बस येणार दर २२ मिनिटांनी. दोनच मिनिटांचा फरक आहे असं बैठकीत सगळे म्हणतात. पण दर २० मिनिटांची बस ७.०५, ७.२५, ७.४५ अशी सुटते, पुढच्या तासाला पुन्हा ०५, २५, ४५. ती पाठ होते. दर २२ मिनिटांची बस ७.०५, ७.२७, ७.४९, ८.११, ८.३३ अशी जाते आणि कुणाच्याच लक्षात राहत नाही. किंवा मग पाचवी बस आणायची. ती दुसऱ्या कुठल्यातरी मार्गावरून काढावी लागते आणि तिथल्या थांब्यावर माणसं जास्त वेळ उभी राहतात.

उलट दिशेनेही हा हिशेब चालतो, आणि मला तीच दिशा आवडते. फेरीवेळ ६४ मिनिटं असेल आणि जाताना दोन, येताना दोन मिनिटं वाचवली तर ती ६० वर येते. चार बसमध्ये दर १५ मिनिटांची सेवा मिळते, घड्याळाला जुळणारी. एकही नवी बस न घेता.

वाट पाहण्याचा सरासरी वेळ, बस समान अंतराने येत असतील तर, दोन बसमधल्या वेळेच्या निम्मा असतो. दर ३० मिनिटांनी बस असेल तर सरासरी १५ मिनिटं उभं राहायचं, दर १५ मिनिटांनी असेल तर साडेसात. बसमध्ये बसून गेलेली साडेसात मिनिटं आणि रस्त्याकडेला उभं राहून गेलेली साडेसात मिनिटं माणसाला सारखी वाटत नाहीत. म्हणून मार्ग बदलताना मी आधी वाट पाहणं कमी करायच्या मागे लागते, चालणं कमी करायच्या नव्हे. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये याच्या पुढची पायरी मांडली: प्रवासी वाढले म्हणून बस वाढवल्या की आधीच्या प्रवाशांचीही वाट पाहणं कमी होतं, म्हणजे नवा प्रवासी जुन्याचा फायदा करून देतो. रस्त्यावर मोटार वाढली की नेमकं उलट होतं. पैसे मागायला जाल तेव्हा हा मुद्दा सोबत ठेवा.

मोजणी बसमध्ये बसूनच करायची

तिकीट मशीनमधून निघणारे आकडे कामाचे असतात, पण अपुरे असतात. टप्प्यांचं भाडं असेल तिथे मशीनला टप्पा कळतो, थांबा कळत नाही, आणि एका टप्प्यात तीन-चार थांबे असू शकतात. सरसकट एकच भाडं असेल तर माणूस कुठे उतरला ते कळतच नाही. पासवाले तर कित्येक ठिकाणी मशीनमध्ये येतच नाहीत, म्हणजे विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक दोघेही हिशेबाबाहेर.

म्हणून एक कागद घ्यायचा. डाव्या बाजूला थांब्यांची नावं क्रमाने, पुढे रकाने: पोचल्याची वेळ, चढले, उतरले, आत किती, सुटल्याची वेळ, आणि शेवटी शेऱ्यासाठी मोकळी जागा. दोन दारांची बस असेल तर दोन माणसं बसवा, एकाला दोन्ही दारं दिसत नाहीत. सकाळची गर्दी, दुपार आणि संध्याकाळ अशा तिन्ही वेळा घ्या, दोन्ही दिशा घ्या, आणि एक रविवार घ्या. परीक्षेचे, सणाचे आणि मुसळधार पावसाचे दिवस टाळा. पण पावसाळ्यातला एक साधा दिवस जरूर घ्या, कारण तेव्हा फेरीवेळ पार बदललेली असते.

या कागदातून तीन गोष्टी वाचायच्या. बस सर्वांत जास्त कुठे भरलेली असते. किती बस लागणार ते त्या जागेवरून ठरतं. बस कुठे अडकते; हे पोचल्याच्या वेळांमध्ये दिसतं, आणि पुष्कळदा ते एकाच चौकातलं वळण किंवा एकाच शाळेसमोरचा रस्ता असतो. आणि टोकाकडचे शेवटचे काही थांबे बस रिकामीच जाते का.

शेऱ्याच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. ‘दहा जण चढू शकले नाहीत’ हे कुठल्याच मशीनमध्ये येत नाही. ते थांब्यावर उभं राहूनच कळतं. बस सोडून शेअर वाहनात बसणाऱ्यांनाही विचारा, कुठे निघालात म्हणून. जे आज तुमच्या बसमध्ये नाहीत त्यांच्याबद्दल मोजणीचा कागद काहीच सांगत नाही.

वाहक आणि चालक यांच्याशी बोलायचं ते फेरी संपल्यावर, टोकाच्या थांब्यावर. कार्यालयात बोलावून विचारलंत तर ते तुम्हाला ऐकायचं असेल तेच सांगतील.

वळसा द्यायचा की नाही

वळशाचा निर्णय भावनेवर सोडला तर प्रत्येक वेळी वळसाच मिळतो, कारण मागणारे समोर बसलेले असतात आणि ज्यांचा वेळ जाणार ते बसमध्ये असतात. मी असा ताळा करते: त्या जागी बसमधून आरपार जाणारे किती, त्यांची किती मिनिटं जास्त जाणार, यांचा गुणाकार. दुसऱ्या बाजूला वळशामुळे ज्यांचं चालणं वाचणार ते किती आणि किती मिनिटं. समजा आत ४५ जण आहेत आणि वळसा ४ मिनिटांचा आहे: १८० माणूस-मिनिटं गेली. वळशावर ६ जण चढ-उतार करणार, प्रत्येकाचं ८ मिनिटांचं चालणं वाचणार: ४८ माणूस-मिनिटं मिळाली. असा वळसा मी देत नाही.

टोकाजवळ मात्र गणित फिरतं. बसमध्ये तेव्हा आठ-दहा जणच उरलेले असतात, तेव्हा तिथे वळसा स्वस्तात बसतो. एकच वळसा मार्गाच्या मध्यात मागितला तर नको आणि टोकाला मागितला तर चालेल, असं उत्तर यातून निघतं. म्हणून रुग्णालय, महाविद्यालय, मोठी बाजारपेठ अशी ठिकाणं शक्य तेव्हा मार्गाच्या टोकाला यावीत.

आकड्यांच्या पलीकडचं एक सांगते. ज्या ८ मिनिटांच्या चालण्यात चढ आहे, किंवा ओलांडायला सहा पदरी रस्ता आहे, किंवा चालणाऱ्यांत बहुतेक म्हातारी माणसं आहेत, ती ८ मिनिटं कागदावरच्या ८ मिनिटांपेक्षा कितीतरी जड असतात. अशा ठिकाणी मुख्य बस सरळच ठेवावी आणि छोट्या बसची वेगळी फेरी मागावी. ती तासाला एकच असली तरी हरकत नाही, पण तिची वेळ पक्की हवी आणि मुख्य बसशी जुळलेली हवी. भरधाव, सतत मिळणारी बस आणि प्रत्येकाच्या दाराशी येणारी बस ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच गाडीकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात. एकूण बसपैकी किती पहिल्या कामाला आणि किती दुसऱ्या कामाला, हे लोकप्रतिनिधींनी उघडपणे ठरवावं. ते ठरलेलं नसतं म्हणून मार्गांची अशी खिचडी होते.

थांबे

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. मार्ग चुकला तर निदान सगळ्यांना दिसतो. थांबा दहा मीटर चुकीच्या जागी असला तर वर्षानुवर्षं कुणी काही बोलत नाही.

आधी अंतर. दोन थांब्यांत २०० मीटर असतील तर १२ किलोमीटरच्या मार्गावर साठेक थांबे होतात. ३५० मीटर ठेवले तर चौतीस-पस्तीस. थांबण्यासाठी वेग कमी करणं, दार उघडणं-मिटणं आणि पुन्हा वेग घेणं यात, चढ-उताराचा वेळ सोडून, एका थांब्याला १५ सेकंदांच्या आसपास जातात. वरचे पंचवीसेक थांबे गेले, आणि समजा बस त्यांतल्या निम्म्यांवरच खरोखर थांबत होती, तरी एका दिशेला तीन मिनिटं वाचली. चार बसच्या त्या मार्गाला १५ मिनिटांच्या वेळेवर आणणारी दोन मिनिटं इथेच सापडतात. समोरच्या बाजूला काय, तर ज्याचा थांबा गेला त्याला दीड-दोनशे मीटर जास्त चालावं लागेल, म्हणजे धडधाकट माणसाला दोन-अडीच मिनिटं. हे त्याला लपवून न ठेवता सांगायचं, आणि बदल्यात बस किती लवकर येईल तेही सांगायचं.

पण फूटपट्टी लावून एकाआड एक थांबे काढू नका. कुठला काढायचा ते जागेवर ठरतं. ज्याच्याजवळ रस्ता ओलांडायची सोय आहे, रात्री दिवा असतो, आडवा मार्ग छेदतो, तो राहतो.

एका मार्गावर बंद करायच्या यादीत रुग्णालयाजवळचा एक थांबा होता. चढणारे जेमतेम मूठभर. मी सकाळी तिथे जाऊन उभी राहिले. थांब्यासमोर दोन दुचाक्या लावलेल्या होत्या, त्यामुळे बस कडेला लागू शकली नाही. पुढचं टोक आत, मागचं दार फूटपाथपासून बरंच लांब, अशी तिरकी उभी राहिली. कुबडी घेतलेले एक आजोबा मागच्या दाराने उतरले, ते सरळ डांबरावर. फूटपाथ चढायला त्यांनी कुबडी आधी वर टेकवली, थांब्याचा खांब धरला आणि दुसरा पाय ओढून घेतला. तेवढ्यात बस आणि फूटपाथ यांच्या मधल्या फटीतून एक मोटारसायकल निघून गेली. वाहक खाली उतरून आजोबांची पिशवी धरून उभा होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “ताई, इथे सगळे उतरणारेच. घरी जाताना ते मागच्या फाटकाने निघतात आणि पुढच्या थांब्यावरून बस पकडतात. इथे चढायला कोण येणार?”

आमच्या यादीत फक्त चढणारे मोजलेले होते. तो थांबा राहिला. पुढे तिथला फूटपाथ बसच्या लांबीइतका रस्त्याकडे पुढे काढून घेतला, म्हणजे बसला आत वळावंच लागत नाही, दार आपोआप फूटपाथला लागतं, आणि दुचाकी लावायला तिथे जागाच उरत नाही.

हा उपाय मी सगळीकडे सुचवते. गाड्या लावलेल्या रस्त्यावर १२ मीटरची बस कडेला समांतर लावायची तर आत शिरायला आणि बाहेर निघायला मिळून तिच्या लांबीच्या दुपटीहून जास्त मोकळी जागा लागते. तेवढी जागा कुठेच मोकळी राहत नाही. पुढे काढलेल्या फूटपाथला बसच्या लांबीएवढीच जागा पुरते. रस्त्यात खाच करून बसला आत घेणारे थांबे दिसायला नीटनेटके असतात, पण वाहत्या रहदारीत परत शिरताना बसला ताटकळावं लागतं. वाहनं फार वेगाने जाणाऱ्या रस्त्यावर किंवा बस बराच वेळ उभी राहणार असेल तिथेच ती खाच योग्य.

चौकात थांबा कुठे असावा, यावर माझं मत बहुतेक वेळा सिग्नल ओलांडल्यानंतर, असं असतं. सिग्नलच्या आधी थांबा असला की बस प्रवासी घेते तोवर हिरवा दिवा निघून जातो, आणि ती एकाच चौकात दोनदा थांबते. सिग्नलनंतर असला की माणसं बसच्या मागून रस्ता ओलांडतात, पुढून नाही. पुढून ओलांडणारा बाजूने येणाऱ्या वाहनाला दिसत नाही. बसला चौकात उजवीकडे वळायचं असेल तर थांबा वळणाच्या अलीकडे अजिबात नको. डाव्या कडेवरून उजव्या रांगेत जायला तिला सगळे पदर कापावे लागतात. अपवाद आहेच: एकामागून एक तीन-चार बस येणाऱ्या थांब्याची रांग मागे चौकात शिरत असेल तर थांबा आणखी पुढे न्यावा किंवा दोन भागांत वाटावा.

येण्याचा आणि जाण्याचा थांबा एकमेकांजवळ ठेवा. एकेरी रस्त्यांमुळे परतीची बस दोन रस्ते सोडून जात असेल तर नवख्या माणसाला ती सापडत नाही. थांब्यावर मार्ग क्रमांक, दिशा, पहिली-शेवटची बस आणि बस दर किती वेळाने येते एवढं तरी लिहिलेलं हवं, तेही उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. बाकडं आणि सावली नंतर मिळाली तरी चालेल असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पोटुशी बाई अर्धा तास उन्हात उभी राहू शकत नाही, आणि बाकडं नाही म्हणून ती बसच सोडून देते.

चढ-उताराचा वेळ वेगळा. तिथे दारं आणि तिकीट यांचा प्रश्न येतो. सॅन फ्रान्सिस्कोत जुलै २०१२ पासून सगळ्या दारांनी चढायला परवानगी दिली. तुमच्याकडे वाहक असेल तर पुढचं दार उतरायला आणि मागचं चढायला एवढी शिस्त लागली तरी गर्दीच्या थांब्यावर फरक दिसतो.

एकाच रस्त्यावरचे चार मार्ग

पुष्कळ शहरांत सगळे मार्ग मध्यवर्ती स्थानकाकडे धावतात. मोठ्या रस्त्यावर बसची रांग लागते आणि आडव्या जाणाऱ्याला काहीच मिळत नाही. इथे दोन पर्याय आहेत. सोपा आधी: दोन मार्ग दर ३० मिनिटांचे असून सहा किलोमीटर एकाच रस्त्यावरून जात असतील तर एकाच्या वेळा सरकवून दोघांत १५ मिनिटांचं अंतर ठेवा. त्या सहा किलोमीटरवर दर १५ मिनिटांनी बस मिळते. हे काम वेळापत्रकाच्या टेबलावर एका दुपारी होतं, तरीही कित्येक ठिकाणी दोन्ही बस पाच मिनिटांच्या अंतराने सुटतात, कारण दोन मार्ग दोन आगारांचे असतात आणि एकाने दुसऱ्याचं वेळापत्रक पाहिलेलंच नसतं.

अवघड पर्याय म्हणजे मार्गांची उभी-आडवी जाळी. बार्सिलोनाने २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने असं जाळं उभं केलं: एकूण २८ मार्ग, आडव्या मार्गांना एच, उभ्यांना व्ही आणि तिरक्यांना डी हे अक्षर. ह्यूस्टनने १६ ऑगस्ट २०१५ रोजी आपल्या स्थानिक बसचं जाळं एका रात्रीत बदललं. अशा जाळीत बस सरळ आणि वरचेवर धावतात, पण प्रवाशाला एकदा बस बदलावी लागते.

बस बदलणं लोकांना नको असतं, आणि त्याला कारण आहे. ते सुसह्य करायला तीन गोष्टी लागतात, आणि त्यांतली एक जरी नसेल तर जाळीच्या नादी लागू नका. दुसरी बस दहा-पंधरा मिनिटांत यायला हवी. दोन थांबे एकाच चौकात, रस्ता ओलांडायच्या सोयीसकट हवेत. आणि दुसऱ्यांदा भाडं पडता कामा नये. भाड्याचा प्रश्न आधी सोडवा, मार्ग नंतर. बस बदलली म्हणून ज्याला दोन तिकिटं काढावी लागतात त्याचा प्रवास तुम्ही महाग करून ठेवलेला असतो, मग वेळ कितीही वाचो.

बस कमीच असतील, तासाला एक किंवा दोन, तर जाळी चालत नाही. तिथे सगळ्या बस एका ठिकाणी एकाच वेळी आणायच्या, पाच मिनिटं उभ्या ठेवायच्या आणि एकदम सोडायच्या. स्वित्झर्लंडने १९८२ पासून आपल्या रेल्वेचं वेळापत्रक ठरावीक अंतराने फिरणारं केलं आणि पुढे याच तत्त्वावर गाड्यांची गाठ घालून दिली. चार बस असलेल्या गावालाही ही युक्ती लागू पडते. मात्र एका बसला उशीर झाला तर बाकीच्यांनी किती थांबायचं ते आधी लिहून ठेवा, नाहीतर स्थानकावर रोज भांडण होईल.

वेळापत्रक खरं असायला हवं

मार्ग बदलल्यावर नवी फेरीवेळ मोकळ्या रस्त्यावर मोटार चालवून काढू नका. बस चालवून काढा, गर्दीच्या वेळी, थांबे घेत. आलेल्या वेळांपैकी मधली वेळ रस्त्यासाठी धरा, आणि उशीर झालेल्या फेऱ्यांची भरपाई टोकाच्या विश्रांतीत ठेवा. एकूण फेरीवेळेच्या दहा ते पंधरा टक्के विश्रांती असावी. ही विश्रांती फुकट जाते असं समजून ती कापली जाते, आणि मग सकाळी एका फेरीला झालेला उशीर रात्रीपर्यंत पुढे पुढे सरकत राहतो.

लवकर जाणारी बस उशिरा येणाऱ्या बसपेक्षा वाईट. उशिरा येणारी निदान मिळते. म्हणून मार्गावर तीन-चार नियंत्रण थांबे ठेवा, जिथून चालक वेळेआधी निघणार नाही.

दोन बस एकामागोमाग का येतात, हे गॉर्डन नेवेल आणि रेनफ्री पॉट्स यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवलं. पुढच्या बसला थोडा उशीर झाला की तिच्या थांब्यांवर जास्त माणसं जमतात, त्यांना घेता घेता ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच कमी मिळतात, ती पळते आणि पुढचीला गाठते. तासाला चार बस जोडीजोडीने येऊ लागल्या की साडेसात मिनिटांची सरासरी वाट पंधरा मिनिटांवर जाते, आणि कागदावर मात्र चारही फेऱ्या पूर्ण झालेल्या असतात. यात चालकाचा दोष नसतो. दोन बसमधलं अंतर पाहून मागच्या बसला नियंत्रण थांब्यावर रोखून धरणारा माणूस हवा, आणि त्याला तो अधिकार लेखी हवा.

टोकाच्या थांब्यावर बस वळवायला जागा आहे का, चालक-वाहकांना स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी आहे का, हे मार्ग ठरण्याआधी जाऊन पाहा. महिला वाहकाला टोकाला स्वच्छतागृह नसेल तर तो मार्ग अजून तयार नाही, असं मी फाइलवर लिहिते.

सांगायचं कसं आणि सुरू कधी करायचं

सर्वांत आधी वाहकांना आणि चालकांना सांगा. प्रवासी त्यांनाच विचारणार. चालकांना नव्या मार्गावर प्रवासी न घेता एकदा तरी नेऊन आणा.

थांबा बंद होणार असेल तर सूचना त्याच खांबावर लावा, निदान महिनाभर आधी: कोणत्या तारखेपासून बंद, नवा थांबा कुठे, तिकडे कोणत्या दिशेने चालत जायचं. ‘प्रशासकीय कारणास्तव’ असलं काही लिहू नका. ‘बस दर २० ऐवजी दर १५ मिनिटांनी मिळावी म्हणून’ असं लिहा. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांच्यासाठी वाहकाने बसमध्ये आठवडाभर तोंडी सांगावं. फोनवरच्या नकाशांत दिसणारी माहिती जीटीएफएस नावाच्या फायलींतून जाते. ही पद्धत २००५ मध्ये पोर्टलंडच्या बससेवेने गूगलबरोबर सुरू केली आणि आता जगभर वापरतात. ती फाइल बदलाच्या दिवशी नव्हे, आधीच बदलून तारीख घालून ठेवायची.

हरकती मागवताना संध्याकाळची बैठक एक घ्या, आणि एक सकाळ थांब्यावर टेबल टाकून बसा. बैठकीला येतात ते बहुधा वेळ असलेले लोक. पहाटेच्या बसने साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या बायका बैठकीला येऊ शकत नाहीत, आणि शेवटची बस अर्धा तास अलीकडे आणली तर काम जातं ते त्यांचं किंवा रात्रपाळीवाल्यांचं. पहिल्या आणि शेवटच्या फेरीला हात लावण्याआधी त्या बसमध्ये बसून एकेकाशी बोला. तिथे पाचच जण असले तरी.

सुरुवात रविवारी करा. ह्यूस्टनची ती तारीखही रविवारचीच होती. गर्दी कमी असते, आणि राहिलेल्या त्रुटी सोमवारच्या आत कळतात. सोमवारी सकाळी कार्यालयातल्या प्रत्येक माणसाला एकेका मोठ्या थांब्यावर उभं करा, हातात नव्या मार्गांचा छापील कागद देऊन. मीही उभी राहते. तासाभरात कळतं की कुठली पाटी उलट्या दिशेला लागली आहे.

पहिल्या आठवड्यात धोक्याच्या गोष्टी तेवढ्या बदला: बस वळत नाही, थांब्यावर माणसं रस्त्यात उभी राहतात, शाळेची वेळ चुकते. बाकी कशालाही लगेच हात लावू नका. लोकांची सवय बदलायला महिने लागतात, आणि दर पंधरा दिवसांनी मार्ग हलवला तर ती कधीच बदलत नाही. तीन महिन्यांनी तोच मोजणीचा कागद घेऊन त्याच बसमध्ये बसा, आणि तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. प्रवासी किती वाढले हे पाहाच, पण थांबा गेलेल्या ठिकाणच्या ज्येष्ठांपैकी किती जण अजून येतात तेही पाहा. ते यायचे बंद झाले असतील तर त्या एका थांब्याची फाइल पुन्हा उघडा.